भांडण नाही, मग वकील कशाला?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझं वय ३४. लग्न २०१६ साली कराडला झालं, संसार पुण्यात हडपसरला. मुलगी सात वर्षांची आहे. मारहाण, व्यसन, बाहेरचं कोणी, असलं काही नाही. पटलं नाही एवढंच, आणि ते आता दोघांनीही मान्य केलंय. गेले वीस महिने मी मुलीला घेऊन माहेरी, सातारा जिल्ह्यात आहे. इथल्याच एका पतसंस्थेत नोकरी करते, पगार अठरा हजार. नवरा सहमतीने घटस्फोटाला तयार आहे. म्हणतो, "मित्राच्या ओळखीचे वकील आहेत, दोघांचंही तेच करतील. खर्च मी देतो, तू फक्त सहीला ये." त्यांनी व्हॉट्सॲपवर मसुदा पाठवलाय. चार पानं, सगळी इंग्रजीत. मला एकरकमी पाच लाख, मुलगी माझ्याकडे, फ्लॅटवरचा हक्क मी सोडायचा. फ्लॅट आणि कर्ज दोन्ही दोघांच्या नावावर आहे. पुण्यात नोकरी होती तेव्हा चार वर्षं निम्मा हप्ता माझ्या पगारातून गेला. काका म्हणतात, कोर्ट कशाला, स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी करून घ्या. मैत्रिणीने एक जाहिरात पाठवली आहे, 'पंधरा दिवसांत घटस्फोट, कोर्टात न जाता'. वेगळा वकील केला तर नवऱ्याला वाटेल मी भांडायला निघाले, आणि जमत आलेलं सगळं फिसकटेल. काय करू? (नाव छापू नये. जि. सातारा)

उत्तर : वेगळा वकील करा. उद्याच पळत सुटायची गरज नाही, पण त्या चार पानांवर सही करायच्या आधी नक्की.

वकील म्हणजे भांडण, हे डोक्यात इतकं बसलंय की भांडण नसलं की माणसं नुसती सही करायला जातात. कोर्टात तावातावाने उलटतपासणी घेणारा वकील तुम्हाला लागणारच नाही. कागद वाचणारा लागेल, आणि तो तुमच्या बाजूने वाचणारा हवा. लढून घेतलेल्या घटस्फोटात निदान न्यायाधीश दोन्हीकडचे पगार, पुरावे, मुलांची सोय बघून पोटगी ठरवतात. सहमतीत ठरवणारे तुम्ही दोघंच. न्यायाधीश मुख्यतः एवढं बघतात की संमती खरी आहे ना, धाकाने किंवा फसवून घेतलेली नाही ना. पाच लाखांत तुमचं भागेल का, हे तिथे सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही सही केली म्हणजे तुम्हाला ते पटलं, असं धरलं जातं.

आधी काकांचं बघू. सोडचिठ्ठी, काडीमोड, फारकत हे सगळं जुनं आहे आणि काही समाजांत रूढीने चालतही आलं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ने अशा रूढीला जागा ठेवली आहे. पण ती रूढी तुमच्या समाजात पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे हे सिद्ध करायची वेळ आली, तर ते ओझं रूढीचा आधार घेणाऱ्यावर पडतं, आणि ते पेलणं सोपं नसतं. नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. लग्न मोडायचा अधिकार नोटरीला नाही. केंद्राच्या विधी खात्याने २०२४मध्ये नोटरींना तसं लेखी बजावलंही आहे : लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करू नका. अशा कागदाच्या भरवशावर उद्या तुमच्यापैकी कोणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न कायद्याने रद्दबातल आणि वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२खाली गुन्हा. काकांवर रागावू नका. त्यांच्या काळात पासपोर्टला आणि गृहकर्जाला कोणी कोर्टाच्या हुकुमाची नक्कल मागत नव्हतं.

मैत्रिणीने पाठवलेली जाहिरात पुसून टाका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, म्हणजे ती जाहिरात बहुधा कुठल्या तरी मध्यस्थाची असणार. 'कोर्टात न जाता' हे तुमच्या बाबतीत होऊ शकत नाही आणि 'पंधरा दिवस' तर त्याहून नाही.

आता खरा रस्ता. १९५५चा कायदा आला तेव्हा त्यात सहमतीचा घटस्फोट नव्हताच. दोघंही कंटाळलेले असले तरी कोणावर तरी दोष ठेवावा लागे. १९७६च्या दुरुस्तीने कलम १३-ब आलं आणि दोघांनी मिळून अर्ज करायची सोय झाली. अटी तीन : किमान एक वर्ष वेगळं राहणं, एकत्र नांदणं शक्य नसणं, आणि लग्न संपवावं यावर दोघांचं एकमत. तुमचे वीस महिने झालेत, त्यामुळे पहिल्या अटीची काळजी नाही. अर्ज दाखल झाला की पहिली तारीख, ज्याला वकील लोक फर्स्ट मोशन म्हणतात. त्यानंतर सहा महिने थांबायचं, आणि अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की आम्ही ठाम आहोत. मग हुकूम.

ते सहा महिने हल्ली टळू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सांगितलं की हा काळ सक्तीचा नाही, कोर्ट तो माफ करू शकतं. त्यासाठी पहिल्या अर्जाआधीच दीड वर्षाचं वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळ्याचा निकाल दोघांनी खऱ्या अर्थाने लावलेला हवा. वीस महिन्यांमुळे तुम्ही पहिल्या चाळणीतून पार झालात. माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो, तो पहिल्या तारखेनंतर आठवड्याने करता येतो, आणि मंजूर करणं न करणं न्यायाधीशांच्या हातात असतं. म्हणजे 'महिन्याभरात करून देतो' असं छातीठोक सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. वेगळं राहायला लागल्याची तारीख मात्र खरीच लिहा. वेळ वाचवायला ती मागे ढकलणारे महाभाग असतात, आणि ते प्रतिज्ञापत्र तुमच्या सहीचं असतं, त्यांच्या नव्हे.

अर्ज कुठे करायचा याचा निर्णयही नवऱ्याच्या वकिलावर सोडू नका. लग्न झालं ते कराड, शेवटचे एकत्र राहिलात ते पुणे, आणि बायको अर्जदार असेल तर ती आज जिथे राहते ते ठिकाण, यांपैकी कुठेही चालतं. शेवटची सोय २००३च्या दुरुस्तीने बायकांसाठी मुद्दाम घातली आहे. पुण्यात अर्ज केला तर तो शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जाईल. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतं. प्रत्येक तारखेला रजा काढून एसटीने पुणे गाठायचं, की जवळच्या कोर्टात जायचं, याचा हिशोब अठरा हजारांच्या पगारात मोठा आहे. पुण्याच्या बाजूने एकच मुद्दा : कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, दाराआड सुनावणी मागता येते आणि रोज हेच काम चालत असल्याने कोणी डोळे विस्फारून बघत नाही. गावाजवळच्या कोर्टाच्या आवारात ओळखीचं कोणी भेटणार नाही याची खात्री तुम्हीही देणार नाही.

समुपदेशकांना घाबरू नका. ते एकदा दोघांना एकत्र, एकदा वेगवेगळं बसवून विचारतात. जबरदस्तीने नांदायला पाठवायचं त्यांचं काम नाही. उलट एकट्याने बसाल तेव्हा मनात अडलेलं बोलायची ती उत्तम जागा आहे. मसुद्यातलं एखादं कलम खटकत असेल तर तिथेच सांगा.

आता त्या चार पानांकडे. तुम्ही ती मला पाठवली नाहीत, पण असे मसुदे मी इतके वाचलेत की तिसऱ्या पानावर काय असेल ते अंदाजाने सांगते : 'अर्जदार क्रमांक २ ही स्वतःसाठी व मुलीसाठी भूतकाळातील, वर्तमानातील व भविष्यातील कोणतीही पोटगी मागणार नाही.' हे वाक्य एका मसुद्यातून दुसऱ्यात उतरत जातं, टंकलेखकाच्या संगणकात ते पाठच असतं. स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडायचं की नाही हा तुमचा प्रश्न. 'व मुलीसाठी' हे शब्द मात्र काढायला लावा. मुलीचा पोटगीचा हक्क मुलीचा आहे, आई तो तिच्या वतीने सोडून देऊ शकत नाही, आणि कोर्टांनी हे वारंवार सांगितलंय. मग काढायची काय गरज, असं वाटेल. गरज अशी, की तो शब्द कागदावर राहिला की पाच वर्षांनी फी मागायला गेलात तर आधी त्या वाक्याशीच दोन वर्षं झगडावं लागतं.

पाच लाख कशाचे, हेही त्यात लिहिलेलं नसणार. तुमची कायमची पोटगी? फ्लॅटमधल्या हिश्शाची किंमत? मुलीचा खर्च? तिन्हींची मोट एका आकड्यात बांधली की नंतर कोणीही म्हणू शकतं, सगळं दिलं की. तीन वेगळे परिच्छेद, तीन वेगळे आकडे मागा. मुलीसाठी दरमहा ठरावीक रक्कम, दर वर्षी किंवा दोन वर्षांनी वाढ, शाळेची फी आणि मोठं आजारपण वेगळं. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात अविवाहित मुलीला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तोवर बापाची जबाबदारी राहते, अठरावा वाढदिवस झाला म्हणून ती आपोआप संपत नाही. म्हणून 'मुलगी सज्ञान होईपर्यंत' या शब्दांवर समाधान मानू नका.

भेटीगाठींच्या कलमात बहुतेक मसुदे 'वडिलांना मुलीला भेटण्याचा वाजवी अधिकार राहील' असं लिहून मोकळे होतात. वाजवी म्हणजे काय यावर पुढची दहा वर्षं वाद घालता येतो. आत्ता तुमचं दोघांचं बोलणं आहे, तर आत्ताच ठरवा. महिन्यातले कोणते शनिवार-रविवार, मे महिन्याच्या सुट्टीचे किती दिवस, दिवाळी एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे, गणपतीला कुठे, रोज व्हिडिओ कॉल किती वाजता. न्यायला-सोडायला कोणी यायचं, पुणे-सातारा भाडं कोणी द्यायचं, इतकं बारीक. आणि एक ओळ अशी घाला की मुलीचा पासपोर्ट काढणं, शाळा बदलणं यांसाठी आईची सही पुरेल. ताब्याबद्दल कोर्टाचा हुकूम स्पष्ट नसला तर पासपोर्टसाठी वडिलांच्या संमतीची मागणी होते, आणि तेव्हा वडील परगावी किंवा रुसलेले असतात.

फ्लॅट. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच. नवरा म्हणतो हक्क सोड, बरं, सोडला. कर्जाचं काय? तुम्ही पतसंस्थेत काम करता. सहकर्जदार आणि जामीनदार यांचं काय होतं ते रोज बघत असाल. नवराबायकोंनी आपसांत काय ठरवलं, कोर्टाने त्यावर काय शिक्का मारला, याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. ती त्या करारात पक्षकारच नाही. उद्या त्याची नोकरी गेली, हप्ते थकले, तर बँक तुमच्याकडे येईल. घर त्याचं, कर्ज तुमचंही, आणि तुमचा सिबिल स्कोअर खाली. म्हणून हक्कसोडाच्या कलमाला हे जोडूनच घ्यायचं : अमुक तारखेच्या आत तो बँकेकडून तुमचं नाव कर्जातून कमी करून तसं पत्र आणेल, बँक एकट्याच्या पगारावर तयार झाली नाही तर कर्ज दुसरीकडे फिरवेल किंवा फ्लॅट विकून कर्ज फेडेल, तोवर काही वसुली तुमच्यावर आली तर ती त्याने भरून द्यायची.

दुसरं म्हणजे क्रम. अटींच्या कागदात लिहिल्याने फ्लॅट आपोआप एकाच्या नावावर होत नाही, बहुतेक वेळा नोंदणीकृत दस्त करावाच लागतो. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना मोबदला न घेता बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं. ही सवलत नवरा-बायकोला आहे. हुकूम झाल्यावर तुम्ही नवरा-बायको राहत नाही. तेव्हा दस्त हुकुमाआधी करायचा की नंतर, आणि हिश्शाबद्दल पैसे घेणार असाल तर तो बक्षीसपत्रात बसतो का (बसत नाही, पैसे घेतले की ते बक्षीस कसलं), याचं गणित आधी मांडून घ्या. याउलट हुकुमाच्या कितीतरी आधी दस्त करून दिला आणि मग त्याने संमती काढून घेतली, तर घरही गेलं आणि घटस्फोटही नाही. संमती शेवटच्या क्षणापर्यंत मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच सुरेष्टा देवी खटल्यात सांगून ठेवलंय. यातून वाट काढायची पद्धत ठरलेली आहे : पैशांचा काही भाग पहिल्या तारखेला, उरलेला दुसऱ्या तारखेला कोर्टातच डीडीने, आणि दस्त दुसऱ्या तारखेच्या अगदी तोंडावर, बँकेचं पत्र हातात आल्यावर. चेक नको. चेक वटेल तेव्हा वटेल.

स्त्रीधनाची यादी जोडा. आईने घातलेले दागिने, लग्नात तुम्हाला आलेल्या वस्तू, लॉकर कोणाच्या नावावर आहे, काय मिळालं, काय मिळायचं आहे. 'सर्व स्त्रीधन मिळाले' ही ओळ खरी असेल तरच तिच्याखाली सही करा. पीएफ, विमा, मेडिक्लेम यांची नामनिर्देशनं तुम्ही दोघांनी आपापली बदलायची, त्याला कोर्ट लागत नाही. मुलगी वडिलांच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये राहील हे मात्र लिहून घेण्यासारखं आहे.

हे सगळं नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीचा वकील सांगणार नाही का? माणूस चांगला असेल तर काही सांगेलही. दोघांचं मिळून एकाच वकिलाने करणं सर्रास चालतं आणि ज्यांच्यात मूल नाही, मालमत्ता नाही, देणंघेणं नाही, त्यांचं त्यात फारसं बिघडतही नाही. तुमच्याकडे तिन्ही आहे. पाच लाखांचे सात व्हावेत यासाठी तो ज्याच्याशी बोलेल तोही त्याचाच पक्षकार, शिवाय फी देणारा. विकणाऱ्याच्या माणसाने काढून आणलेला सातबारा बघून कोणी जमीन घेत नाही.

कायद्याचं बोलायचं तर कौटुंबिक न्यायालयात वकील लागतोच असं नाही. १९८४च्या कायद्याच्या कलम १३नुसार तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्कसुद्धा नाही, कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. स्वतः उभं राहून सहमतीचा अर्ज चालवणारी जोडपी असतात. तुम्हीही कोर्टात एकट्याने उभ्या राहू शकाल याबद्दल मला शंका नाही. त्यामुळे पैशांची ओढ असेल तर वकिलाकडून सगळं न करवता फक्त मसुदा तपासून घ्या. अर्ज त्याच्याच वकिलाने दाखल करू दे, दुरुस्त्या तुमच्या वकिलाच्या. हे छोटं काम असतं आणि त्याची फीही त्याच मानाने सांगा म्हणावं.

पण मुळात तुम्हाला पैसे द्यायची गरज आहे का? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ : स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. अठरा हजार असो की ऐंशी हजार. हे बायकांना कोणी सांगत नाही, कोर्टाच्या आवारातले फलकही असे लावलेले असतात की वाचायला मान वाकडी करावी लागते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. साधा अर्ज, आधार कार्ड, लग्नाचा पुरावा, प्रकरण काय ते थोडक्यात. १५१०० या हेल्पलाइनवर आधी विचारूनही जाऊ शकता. यादीवरचा एक वकील नेमून देतात. अर्जात स्पष्ट लिहा की सहमतीचा घटस्फोट आहे, मसुदा तपासून हवा आहे आणि कोर्टात माझं वकीलपत्र हवं आहे. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडे एक पैसाही मागायचा नाही. मागितला तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार करा, वकील बदलून मिळतो. यादीवरचे सगळेच उत्तम असतात असं मी म्हणणार नाही. काही जण खरंच मन लावून काम करतात, काहींना पुकारा झाल्यावर तुमचं नाव आठवतं. पहिल्या भेटीतच ते कळतं : मसुदा वाचून प्रश्न विचारले तर माणूस कामाचा, न वाचता 'होऊन जाईल' म्हणाला तर बदलून मागा. कोर्ट फीचीही चिंता नको, १९९४पासून महाराष्ट्रात घटस्फोटाच्या प्रकरणात महिलांना ती माफ आहे.

खासगी वकील करायचा ठरवला तर दोन-तीन ठिकाणी बसून बोला. एकच आकडा विचारा : पहिल्या तारखेपासून हुकुमाची नक्कल हातात पडेपर्यंत, टायपिंग, नोटरी, माफीचा अर्ज सगळं धरून किती. नाहीतर दुसऱ्या तारखेला 'आता सेकंड मोशनचे वेगळे' सुरू होतं. पाच लाखांतले टक्के मागणाऱ्याला नमस्कार करून उठा, निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर फी ठरवायला बार कौन्सिलचे नियमच मनाई करतात. पावती मागा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही नाही. अर्ज दाखल झाला की सोळा अक्षरी-आकडी सीएनआर क्रमांक मिळतो. तो टाकून ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख स्वतः बघता येते, कोणाला फोन करून विनवण्या कराव्या लागत नाहीत.

आणि मसुदा मराठीत मागा. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. पुण्यात इंग्रजीत लिहायची सवय आहे म्हणून तुम्ही न कळलेल्या चार पानांवर सही करायची, असं कुठे लिहिलेलं नाही. प्रतिज्ञापत्रात 'मजकूर मला वाचून दाखवला व समजला' असं तुम्हीच म्हणणार आहात ना?

एखाद्या कलमावर अगदीच अडलं, समजा पाच आणि सात लाखांत, तर लगेच भांडण झालं असं समजू नका. जिल्हा न्यायालयात मध्यस्थी केंद्र असतं, तिथे तिसऱ्या माणसासमोर दोन बैठकांत असे आकडे सुटताना मी पाहिलेत.

ज्या वाचकांचं लग्न हिंदू कायद्याखालचं नाही त्यांच्यासाठी एवढंच : विशेष विवाह कायद्याखाली कलम २८, ख्रिस्ती दांपत्यांना घटस्फोट कायद्याचं कलम १०-अ, पारशांना त्यांच्या कायद्याचं कलम ३२-ब, मुस्लिमांत मुबारात. मुदती आणि पद्धत वेगळी आहे, अटींच्या कागदाबद्दल वर लिहिलेलं सगळ्यांनाच लागू.

राहता राहिला नवऱ्याचा राग. त्याला आधी सांगा, म्हणजे कोर्टातून किंवा मित्राकडून कळणार नाही. फोनवर नको, मेसेज करा, शब्द साधे ठेवा : "घटस्फोट सहमतीनेच करायचा आहे, त्यात बदल नाही. मसुदा इंग्रजीत आहे, मला नीट कळावा म्हणून एका वकिलांना दाखवते आहे. मुलीचा खर्च आणि फ्लॅटचं कर्ज हे दोन मुद्दे स्पष्ट लिहून घेऊ, म्हणजे नंतर आपल्याला पुन्हा बोलावं लागणार नाही." सरळ माणूस असेल तर यावर चिडायला जागा नाही, कर्जातून तुमचं नाव निघणं आणि फ्लॅट निर्विवाद त्याचा होणं यात त्याचाही फायदा आहे. एवढ्यावरही तो म्हणाला की वकील आणलास तर सगळं रद्द, तर निदान ते सही करायच्या आधी कळेल.

दुसऱ्या तारखेला न्यायाधीश विचारतील : स्वतःच्या मर्जीने आलात का, अटी समजल्या का, ठरलेले पैसे मिळाले का. पैसे मिळाले नसतील तर 'हो' म्हणू नका, मागे उभा असलेला कोणीही कितीही खुणावो. 'नाही' म्हटल्याने काही कोसळत नाही, पुढची तारीख मिळते. हुकूम झाल्यावर सहमतीच्या हुकुमाविरुद्ध अपील चालत नाही, त्यामुळे ते पान तिथेच मिटतं. नक्कल विभागात अर्ज करून हुकूमनाम्याच्या आणि अटींच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच काढा. एक बँकेला, एक सोसायटीला, एक मुलीच्या पासपोर्टसाठी लागेल, आणि एक आईकडे कपाटात ठेवायला द्या.